वाचक विचारतात : करडईवरचे पतंग, हरभऱ्याची अळी आणि बॅटरीत चमकणारे डोळे

या वेळच्या टपालात पतंगांबद्दलची पत्रं बरीच आली. रब्बी उभी असली की हे दरवर्षी होतं. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलून ही पानं पतंगांनाच देते.

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचं कोरडवाहू रान आहे. निम्म्यात हरभरा, निम्म्यात करडई. हरभरा घाट्यात आला तेव्हा अळीनं हैराण केलं. आता तो वाळायला लागलाय आणि करडई फुललीय, तर दिवस मावळताना करडईवर मातकट-पिवळे पतंग घिरट्या घालतात. हे घाटे अळीचेच का? दुकानदार म्हणतो, आजच फवारा. दुसरं असं, की आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये जमीन भाजून निघते, हिरवं पान नजरेला पडत नाही. मग ही अळी दरसाल येते कुठून?
— एक शेतकरी, ता. अंबाजोगाई, जि. बीड

उत्तर : दादा, आधी फवारणीचं सांगते. आज फवारू नका. करडई फुलात असली की दिवसभर तिच्यावर मधमाशा असतात, त्या मरतील. आणि पतंगाला फवारून हाती काही लागत नाही. पतंग पान खात नाही, बोंडही खात नाही. त्याला सोंड असते, तिनं तो फुलातला मध पितो आणि दिवसा ढेकळाच्या आडोशाला नाहीतर पाल्यात दडून राहतो. नुकसान करते ती त्याची अळी, आणि ती अजून अंड्यात आहे किंवा नुकतीच बाहेर पडली आहे. फुललेली करडई काट्यांची असते, फवारणाऱ्याचे पाय सोलून निघतात ते वेगळंच. करडईला खरी भीती माव्याची. तुम्ही पत्रात माव्याचा शब्दही काढलेला नाही, म्हणून विचारते : शेंड्याला चिकट काळं झालंय का? झालं असेल तर आधी तिकडं बघा.

आता पतंग ओळखू. काचेची बरणी घ्या आणि संध्याकाळी फुलावर बसलेला पतंग अलगद तिच्यात घ्या. पहाटेच्या गारठ्यात तो सुस्त असतो, तेव्हा उन्हाकडं धरून नीट बघता येतो. घाटे अळीचा पतंग, म्हणजे हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा, पंख पसरले तर साडेतीन ते चार सेंटिमीटर भरतो. नराचा पुढचा पंख हिरवट-राखाडी असतो, मादीचा तांबूस-तपकिरी. पंखाच्या मध्यावर एक वाकडा काळसर डाग, त्याच्या अलीकडं एक बारीक गोल. मागचा पंख फिकट, त्याला बाहेरून रुंद काळपट पट्टा.

करडईवर मात्र याच्याच नात्यातला दुसरा एक पतंग येतो, हेलिओथिस पेल्टिजेरा. आकार जवळपास तेवढाच. रंग वाळल्या गवताचा, कधी विटकरी झाक असलेला. पुढच्या पंखावरचा काळा डाग वरच्या कडेपर्यंत फासल्यासारखा दिसतो, आणि त्याच पंखाच्या खालच्या बाहेरच्या कोपऱ्यापाशी एक बारीक काळा ठिपका असतो. तो ठिपका शोधा. मला वाटतं तुम्ही बघितलेल्यांत दोन्ही असतील, कारण हरभरा वाळला की आर्मिजेराही शेजारच्या हिरव्या पिकाकडं वळतो.

हा पेल्टिजेरा कोरड्या, उघड्या मुलखाचा पतंग आहे. उत्तर आफ्रिका, भूमध्य समुद्राचा काठ, पश्चिम आशियातले वाळवंटी प्रदेश आणि तिथून आपल्यापर्यंत तो सापडतो. वाळवंटात हिवाळी पाऊस पडून रानफुलं उगवली की त्यांच्यावर त्याची पिढी वाढते आणि ती वाळली की पतंग उडून शेकडो कोस लांब जातात. पार इंग्लंडपर्यंत पोचल्याच्या नोंदी आहेत. हेलिओथिस प्रजातीतला न्युबिजेराही असाच कोरड्या पट्ट्यात राहणारा. आपल्याकडं थंडीत ओलावा असतो आणि उन्हाळ्यात सगळं करपतं, त्यामुळं असल्या पतंगाला मराठवाडा परका वाटत नाही. जुन्या पुस्तकांत घाटे अळीलाही ‘हेलिओथिस’ म्हटलेलं आढळेल. १९६५ साली हार्डविक या शास्त्रज्ञानं तिला त्या प्रजातीतून वेगळं काढून हेलिकोव्हर्पा ही नवी प्रजाती केली, पण बऱ्याच जणांच्या तोंडी अजून जुनंच नाव आहे. दुकानात दोन नावं ऐकू आली तर दोन किडी आहेत असं समजून दोन औषधं घेऊ नका.

तुमचा दुसरा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण त्याच्या उत्तरात पुढच्या वर्षीचा बंदोबस्त आहे.

अळी पूर्ण वाढली की झाडावरून खाली उतरते आणि मातीत शिरते. साधारण ५ ते १० सेंटिमीटर खोल जाऊन मातीची छोटी कोठडी करते आणि तिच्यात कोष होते. पण त्याआधी ती एक काम करून ठेवते. कोठडीपासून वरपर्यंत एक बारीक बोगदा पोखरते आणि जमिनीच्या तोंडाशी मातीचा पातळ पापुद्रा राखते. पतंगाला माती उकरता येत नाही ना. त्याच्याकडं जबडे नाहीत, पंजे नाहीत, ओले चुरगळलेले पंख तेवढे. म्हणून अळीच त्याची बाहेर पडायची वाट आधी करून ठेवते. हरभरा निघाल्यावर ओळीजवळची माती खुरप्यानं हलकेच उकरून बघा. पाऊण इंचापर्यंतचा चकचकीत तपकिरी कोष सापडेल, शेपटीच्या टोकाला दोन बारीक काटे असलेला. हातावर घेतला तर मागचा भाग वळवळवतो. एकदा स्वतःच्या हातानं काढून बघा, मग मी काय म्हणते ते पटेल.

हवा अनुकूल असली तर दहा-पंधरा दिवसांत कोषातून पतंग निघतो. दिवस लहान, थंडी जास्त असं असलं तर काही कोष मातीतच निजून राहतात, महिनेच्या महिने. बाकीचे पतंग हिरवं शोधत निघतात. पाटपाण्यावरचे टोमॅटो, झेंडू, बांधावरचं हिरवं तण, काहीही चालतं. आपल्या देशात या किडीच्या खाद्यवनस्पती १८० च्या वर नोंदल्या आहेत. मग मृगात मूग-उडीद, पुढं कापूस, तूर, पुन्हा हरभरा. शिवाय पतंग रात्रीत वाऱ्यावर लांबची मजल मारतो, म्हणजे तुमच्या रानातली अळी तुमच्याच रानात जन्मलेली असेल असंही नाही.

तरीही आपल्या हातात एक गोष्ट आहे. हरभरा उचलला की रान तसंच पडू देऊ नका. लगेच वखराची एक पाळी द्या. वाफसा गेलेला असला, ढेकूळ निघत असलं तरी द्या. तेवढ्यानंही वरचे बोगदे मोडतात आणि कोष उघडे पडतात. बोगदा मोडला की आतला पतंग कोषातून निघाला तरी मातीत अडकून मरतो. वर आलेले कोष बगळे, साळुंक्या आणि कोतवाल टिपतात, राहिलेले ऊन भाजतं. पुढं खोल नांगरट जमली तर उत्तमच, पण ट्रॅक्टरचं भाडं सगळ्यांना परवडत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून वखराचा एवढा आग्रह धरते. आणि एकट्यानं करण्यापेक्षा शिवारातल्या दहा जणांनी एकाच आठवड्यात केलं तर फरक डोळ्यांना दिसतो.

प्रश्न : कृषी सहायकांच्या सांगण्यावरून हरभऱ्यात कामगंध सापळे लावले. पतंग सापडतात, पण अळी काही कमी झाली नाही. पैसे पाण्यात गेले का? आणि विषाणूचं औषध फवारा म्हणतात. घरात लहान लेकरं आहेत, शेळ्या आहेत, त्यांना काही होणार नाही ना?
— एक वाचक, ता. सेलू, जि. परभणी

उत्तर : भाऊ, सापळा अळी मारायला नसतोच. त्यातल्या गोळीला मादीचा गंध असतो, त्यामुळं सापळ्यात येतात ते फक्त नर. रानात राहिलेले थोडे नरसुद्धा बऱ्याच माद्यांना पुरतात, म्हणून अंडी पडायची थांबत नाहीत. सापळा मोजणीसाठी लावायचा. हेक्टरी ५ पुरे. पिकाच्या शेंड्यापासून साधारण फूटभर उंच बांधा आणि पीक वाढेल तसा वर घ्या. गोळी तंबाखूच्या हातानं धरू नका, आणि ज्या किडीची गोळी तिचाच सापळा. दोन किडींच्या गोळ्या एकात घातल्या तर दोन्ही गंध बिघडतात.

मग रोज सकाळी मोजायचं आणि वहीत लिहायचं. एका सापळ्यात सलग दोन-तीन दिवस ८ ते १० पतंग आले, की समजा माद्या अंडी घालतायत. इथून तुमची खरी पाहणी सुरू होते. भिंग घ्या आणि कोवळे शेंडे, कळ्या बघा. अंडं एकेकटं असतं, अर्ध्या मिलिमीटरचं, पिवळट-पांढरं, बाजूला उभ्या रेघा. फुटायच्या आधी त्याच्यावर तपकिरी कडं दिसतं. तीन ते पाच दिवसांत त्यातून अळी निघते, आणि पहिले काही दिवस ती इतकी बारीक असते की भिंगाशिवाय दिसतच नाही. कोवळं पान खरवडून खाते, पानावर पांढुरके डाग पडतात. आपले लोक अळी ‘दिसते’ म्हणतात ती तोंड घाट्यात आणि अर्धं अंग बाहेर अशी, दीड इंचाची. त्या वयाच्या अळीला कुठलंही औषध नीट लागू पडत नाही. एक अळी तिच्या आयुष्यात ३० ते ४० घाटे फस्त करते, आणि तुम्ही बघाल तोवर त्यातले बरेच गेलेले असतात. दरवर्षी पैसा जातो तो इथं. मोठ्या अळीवर दोन-तीन औषधं एकत्र करून मारतात, अळी मरत नाही, मरतात ते तिचे शत्रू.

म्हणून फवारणी अंड्यांच्या नाहीतर बारीक अळीच्या वेळी करा. ओळीत मीटरभर लांबीत १ ते २ अळ्या आढळल्या की वेळ झाली. आधी निंबोळी अर्क ५ टक्के : ५ किलो निंबोळीची पूड रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, साबणाचं पाणी घाला आणि एकूण १०० लिटर करा. त्यानंतर विषाणूचं औषध, एचएएनपीव्ही, हेक्टरी ५०० एल.ई., म्हणजे ५०० रोगट अळ्यांतून निघेल इतका विषाणू. हे दिवस कलल्यावरच फवारायचं, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी विषाणू निकामी होतो. पाण्यात थोडी कपड्याची नीळ टाकतात तीही त्याच कारणासाठी.

लेकरांची आणि शेळ्यांची काळजी करू नका. या विषाणूचे कण अळीच्या पोटातच उघडतात, कारण तिथला रस अल्कधर्मी असतो. हा विषाणू घाटे अळीपुरताच आहे. माणूस, जनावर, मधमाशी यांना तो लागत नाही. अळीनं तो खाल्ला की चार-सहा दिवसांत ती झाडाच्या शेंड्याकडं चढते आणि मागच्या पायांनी धरून डोकं खाली टाकून लोंबते. कातडी काळी पडून फुटते आणि आतलं पाणी खालच्या पानांवर सांडतं. ते पान दुसऱ्या अळीनं खाल्लं की तिलाही लागण. अशा लोंबत्या अळ्या दिसल्या की वरून रासायनिक फवारणीची घाई करू नका. पानावर पांढुरका-राखी, तांदळाएवढा कोष दिसला तर त्यालाही हात लावू नका. तो कँपोलेटिस नावाच्या छोट्या माशीचा असतो. ती घाटे अळीच्या पोटात अंडं घालते आणि अळी लहान असतानाच मारते. हरभऱ्यातली ही आपली सर्वांत कामाची सोबतीण.

ट्रायकोकार्डांबद्दलही, म्हणजे किडींच्या अंड्यांवर जगणारी ट्रायकोग्रामा माशी ज्यांतून निघते त्या पुठ्ठ्यांबद्दलही, तुम्ही एका ओळीत विचारलंय. टोमॅटोत लावा. हरभऱ्यात त्यांचा उपयोग कमी होतो, कारण हरभऱ्याच्या पानांवर आंब असते. थंडीत पहाटे रानातून चाललं की पायाला झोंबते तीच. जुन्या बायका पांढरं फडकं पिकावरून फिरवून पिळून आणायच्या, पोटदुखीवर द्यायच्या. त्या आंबेत मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. ऑक्झॅलिक आम्लानं घाटे अळीची वाढ खुंटते असं प्रयोगांत दिसलंय, म्हणजे आंब हे हरभऱ्याचं स्वतःचं औषध. पण ट्रायकोग्रामाची इवलीशी माशीही त्याच आंबेत अडकून मरते.

पक्षिथांब्यांसाठी काठ्या विकत आणायची गरज नाही. पुढच्या पेरणीला हरभऱ्याच्या बियात मूठभर ज्वारी मिसळा. ज्वारीची ताटं वर निघाली की कोतवाल आणि वेडे राघू आपोआप येऊन बसतात.

आणि मोजणी फुकट जाते असं कुणी म्हटलं तर २००८ सालची आठवण द्या. त्या पावसाळ्यात मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीनवर स्पोडोप्टेरा, म्हणजे तंबाखूची पानं खाणारी अळी, अशी पडली की रानंच्या रानं चाळणी झाली. तीही घाटे अळीच्याच कुळातल्या, म्हणजे नॉक्टुइडी कुळातल्या, पतंगाची. मादी पुंजक्यानं अंडी घालते आणि वर आपल्या अंगाची लव पसरते. त्या पुंजक्याचं एक पान खुडलं की शेकडो अळ्या जातात, पण कुणी बघतच नव्हतं. त्यानंतर, २००९ पासून, राज्यात क्रॉपसॅप हा किडींच्या पाहणीचा सरकारी प्रकल्प सुरू झाला आणि गावोगाव किडींची नियमित पाहणी होऊन सल्ले येऊ लागले. तुमच्या वहीतले आकडे कृषी सहायकाला दाखवा. त्यांनाही ते हवेच असतात.

प्रश्न : मी अकरावीत आहे. रात्री भिजवायला गेलं की बॅटरीच्या उजेडात तुरीवरच्या पतंगांचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. असं का होतं? आणि कधीकधी उडता पतंग काही न लागता एकदम खाली कोसळतो, ते का?
— एक विद्यार्थिनी, ता. औसा, जि. लातूर

उत्तर : बेटा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. रात्री रानात जाऊन असं बघणारी मुलगी आहे, याचाच आनंद झाला.

रात्री उडणाऱ्या या पतंगांच्या डोळ्यांत हजारो बारीक भिंगं असतात. अंधारात डोळ्यातलं रंगद्रव्य बाजूला सरकतं, आणि पुष्कळ भिंगांतून आलेला उजेड आत एकाच जागी गोळा होतो. त्याच्या मागं परावर्तन करणारा थर असतो. संवेदी पेशींतून निसटलेला उजेड तिथून परत फिरतो, म्हणजे तोच उजेड पतंगाला दुसऱ्यांदा वापरता येतो. उरलेला बाहेर पडतो, तो तुला दिसतो. बॅटरी कपाळाजवळ धरून बघ, जास्त चमकतील, कारण उजेड आला त्याच वाटेनं परत जातो. पतंग बराच वेळ उजेडात राहिला की रंगद्रव्य जागेवर येतं आणि चमक मावळते. हेही घड्याळ लावून बघण्यासारखं आहे.

कोसळण्याचं कारण वटवाघूळ. घाटे अळीच्या नॉक्टुइडी कुळातल्या पतंगांना कान असतात, छातीच्या मागच्या भागात, दोन्ही बाजूंना एकेक. प्रत्येक कानात ऐकणाऱ्या पेशी फक्त दोन. एवढ्यावर पतंगाला वटवाघळाचा आपल्याला न ऐकू येणारा आवाज कळतो. वटवाघूळ लांब असलं, आवाज बारीक असला, तर पतंग दिशा बदलून निघून जातो. आवाज मोठा झाला, म्हणजे ते अंगावर आलं, तर पंख मिटून नाहीतर गिरक्या घेत खाली सूर मारतो. केनेथ रोडर या अमेरिकी शास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या मध्यावर हे उलगडून दाखवलं. तुला घरी करून बघता येईल. दिव्याभोवती पतंग उडत असताना किल्ल्यांचा जुडगा खुळखुळव. त्या खुळखुळण्यात आपल्याला न ऐकू येणारे वरचे सूरही असतात. काही पतंग दचकून खाली पडतील. काही नाही पडणार. कुठले पडतात आणि कुठले नाहीत, ते लिहून ठेव आणि मला कळव.

प्रश्न : मक्यावरची लष्करी अळी म्हणजे पूर्वी ज्वारीवर पडायची तीच ना?
— एक वाचक, ता. कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नाही. ज्वारीवरची जुनी अळी मायथिम्ना, ती आपल्याकडचीच. मक्यावरची स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा, मूळची अमेरिका खंडातली. भारतात ती २०१८ साली पहिल्यांदा, कर्नाटकात, आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात शिरली. ओळख सोपी आहे : डोक्यावर इंग्रजी ‘वाय’ अक्षर उलटं, आणि शेपटीकडं, शेवटून दुसऱ्या भागावर, चौकोनात चार ठळक काळे ठिपके. अळी पोंग्यात असते, म्हणून फवारा पोंग्यात पडला पाहिजे. वरवर मारून भागत नाही.

प्रश्न : आमच्या मोसंबीला पिकायच्या वेळी बारीक भोक पडतं, भोवती गोल डाग होतो, आणि फळ दोन-चार दिवसांत गळतं. झाडावर अळी एकही सापडत नाही. फवारून थकलो.
— एक बागायतदार, ता. अंबड, जि. जालना

उत्तर : झाडावर अळी सापडणार नाही, कारण ती तिथं नसतेच. हे काम पतंगाचं आहे. वर मी म्हटलं, पतंग नुकसान करत नाही. हा त्याला अपवाद, रस शोषणारा पतंग, युडोसिमा. पूर्वी तोही घाटे अळीच्याच कुळात धरत, आता शेजारच्या कुळात टाकलाय. अंगानं दांडगा, मागचे पंख पिवळे-नारिंगी आणि त्यांवर काळे पट्टे. त्याची सोंड कडक, टोकाला काटेरी. अंधार पडला की येतो, साल भोसकून रस ओढतो. त्या भोकातून बुरशी आत जाते आणि फळ सडतं. सकाळी तुम्ही बागेत जाता तेव्हा तो बाहेर झुडपात गेलेला असतो. दिवसा फवारलेलं औषध त्याच्या वाट्याला येतच नाही.

गळलेली फळं रोज वेचून खड्ड्यात पुरा, कारण सडक्या फळाच्या वासानंच तो लांबून येतो. फळ रंगावर आलं की संध्याकाळी बागेच्या कडेला ओलसर पाल्याचा धूर करा. गूळ आणि मोसंबीच्या रसाचं आमिष ठेवतात, त्यात विष किती घालायचं ते बाटलीवरचा मजकूर वाचून आणि कृषी सहायकाला विचारून ठरवा, आणि भांडं जनावरांच्या तोंडाला लागणार नाही अशा उंचीवर टांगा.

राहिली अळी. ती वाढते गुळवेलीवर आणि वासनवेलीवर, म्हणजे तुमच्या कुंपणात. बागेच्या कुंपणावरची वासनवेल मुळासकट काढा. गुळवेल मात्र बऱ्याच घरी काढ्यासाठी मुद्दाम राखलेली असते, आणि ती उपटा असं मी सांगणार नाही. बागेपासून लांब, घराजवळ ठेवा, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला पानं उलटून बघत जा. अळी गडद रंगाची असते, अंगावर दोन्ही बाजूंना डोळ्यांसारखे मोठे गोल ठिपके असतात, धक्का लागला की अंग वाकडं करून बसते. घाबरू नका, ती डसत नाही. हातानं काढून साबणाच्या पाण्यात टाका.